खोली नंबर एकोणतीसचा लिलाव

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दुपारची जेवणं उरकली की समोरच्या पाटणकरांकडे एक अमेरिकन कार्यक्रम लागतो. लोकांनी सोडून दिलेल्या गोडाऊनच्या खोल्यांची कुलपं कापतात. खरेदीदार दारात उभे राहून टॉर्च मारतात, आत पाऊल टाकायला मनाई. पाच मिनिटांत बोली सुरू. ज्याची बोली मोठी, त्याची अख्खी खोली. आणि मग फाटक्या गादीखालून हमखास काहीतरी निघतं. कधी दुर्मिळ गिटार, कधी सोन्याची नाणी, एकदा तर अख्खी मोटारसायकल.

"टिपणीसकाका," पाटणकर वहिनी दार उघडं ठेवून विचारतात, "तुम्ही तिकडे हेच काम करायचात ना? मग खरं सांगा, हे असं असतं का?"

"थोडं असतं, थोडं नसतं," असं म्हणून मी सटकतो. कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि वहिनींना फक्त जाहिरातीपुरताच वेळ असतो. दिवाळी अंक वाचणाऱ्याला तशी घाई नसते, म्हणून इथे सांगून टाकतो.

मी एका पॅकिंग-मूव्हिंग कंपनीत गोडाऊन मॅनेजर होतो. लोक "दुबईला होते" म्हणतात, पण आमचं गोडाऊन उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होतं. एका बाजूला बोटी दुरुस्त करणारे, दुसऱ्या बाजूला टाइल्सचा कारखाना, मागे वाळू. दुबईत जागेला जे भाडं पडतं त्याच्या पावपटीत इथे शेड मिळत असे, म्हणून आमच्या मालकांनी, म्हणजे अरबाबांनी, ती घेतली होती. आत प्लायवूडच्या भिंती घालून साठ खोल्या केल्या होत्या. प्रत्येकीला शटर, प्रत्येकीला नंबर. घर बदलणाऱ्यांचं सामान आमची माणसं पॅक करायची आणि ज्याला मध्ये काही दिवस ठेवायचं असेल तो खोली भाड्याने घ्यायचा. साधा धंदा.

माझा उजवा हात म्हणजे फोरमन दाऊदभाई मुकादम. दापोलीकडचे. माझ्याआधी दहा वर्षं गल्फमध्ये आलेले. कुठल्याही सोफ्याकडे नुसतं बघून तो कुठल्या दारातून निघेल आणि कुठल्यातून अडकेल हे सांगणारे. मला ते कायम "टिपणीससाहेब" म्हणत आणि मतभेद झाला की नुसतं "साहेब" म्हणत, त्यावरून मला अंदाज यायचा.

२००८च्या शेवटाला आमचे फोन अचानक वाढले. आम्ही खूश. पंधरा दिवसांत कळलं की हे घर बदलणारे नव्हेत, हे निघालेले लोक आहेत. जगभर मंदी आली होती. कंपनीने काढलं की व्हिसा कॅन्सल, आणि मग महिनाभरात देश सोडायचा. एवढ्यात संसार विकणार कधी आणि घेणार कोण, सगळेच विकायला निघालेले. मग सामान आमच्याकडे. इंग्रज, फिलिपिनो, लेबनीज, आपले लोक, सगळ्यांचं वाक्य एकच: "फक्त दोन महिने ठेवा, परत येतोच आहे." मी तेव्हा ते खरं मानायचो. तेही मानायचे. मार्चपर्यंत साठच्या साठ खोल्या भरल्या.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. मग दीड वर्ष. भाडं येईना, पत्राला उत्तर येईना. शेवटी करारातल्या कलमाप्रमाणे नोटिसा, वकील, परवानग्या हे सगळे सोपस्कार करून आम्ही लिलाव सुरू केले.

आता पाटणकर वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. कार्यक्रमात सांगतात की आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही. आम्हाला सगळं माहीत असायचं. सामान आम्हीच पॅक केलेलं, खोक्याखोक्याची यादी केलेली: खोका एक ते सहा स्वयंपाकघर, सात पडदे, आठ चपला. रहस्य असलंच तर फक्त ज्या खोक्यांवर 'पीबीओ' लिहिलेलं असे त्यांत. म्हणजे 'पॅक्ड बाय ओनर', गिऱ्हाइकाने स्वतः भरून चिकटपट्टी मारून दिलेलं. ते आम्ही उघडायचो नाही.

आणि खजिन्याचं म्हणाल, तर मी जवळजवळ दरेक खोलीत एक ट्रेडमिल पाहिली. माणसाला देश सोडावा लागतो पण वजन कमी करायची आशा सुटत नाही, असं माझं मत झालं आहे. त्याखालोखाल प्लॅस्टिकची ख्रिसमस ट्री, बाबागाड्या आणि थर्माकोलची गणपतीची मखरं. एका बाईंचा सुगंधी मेणबत्त्यांचा धंदा होता. चाळीस खोकी त्या बिगर-एसी खोलीत ठेवून गेल्या. दोन उन्हाळे गेल्यावर शटर उघडलं तर चाळीस खोक्यांची एकच मेणबत्ती झालेली. गुलाब, चंदन, व्हॅनिला आणि पुठ्ठा. दाऊदभाई म्हणाले, "टिपणीससाहेब, ह्याला वात लावली तर फुजैरापर्यंत उजेड पडेल." ती फोडून काढायला चार माणसांना दोन दिवस लागले आणि पुढे महिनाभर आमच्या डब्यातल्या भाजीलासुद्धा व्हॅनिलाचा वास येत होता.

आमचे खरेदीदारही कार्यक्रमातल्यासारखे नव्हते. सेकंडहँड फर्निचरवाले सात-आठ जण ठरलेले. त्यांचा म्होरक्या गुलखान, पेशावरकडचा पठाण, शारजाला दुकान. तो दारात उभा राहायचा आणि फक्त तीन गोष्टी बघायचा: फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी. बाकी खोलीकडे ढुंकूनही नाही. मी एकदा विचारलं की आत कुणाचं सोनंबिनं असेल तर?

"टिपणीस साब," तो म्हणाला, "जिस के पास सोना है वो सोना ले के जाता है. कंप्रेसर छोड़ के जाता है."

इतकं सरळ अर्थशास्त्र मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

पण ह्या सगळ्या हसण्याच्या मध्ये एक गोष्ट घडली, जिच्यामुळे पुढचं सगळं झालं. परेरा नावाचे श्रीलंकेचे एक ड्राफ्ट्समन होते. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांची सतरा नंबरची खोली आम्ही लिलावात काढली. नोटिसा रीतसर पाठवल्या होत्या. सात आठवड्यांनी परेरा स्वतः दारात उभे. नवी नोकरी लागली होती, सगळं भाडं घेऊन आले होते. नोटिसा आम्ही ज्या ई-मेलवर पाठवल्या तो त्यांच्या जुन्या ऑफिसचा होता आणि ऑफिस बंद पडलं तेव्हा तोही बंद पडला होता. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, सोफा वगैरे जाऊ दे, एक बिस्किटांचा डबा होता, पत्र्याचा, निळा. त्यांची बायको वारली होती आणि तिच्या हातची पत्रं त्यात होती.

ती खोली गुलखानने घेतली होती, म्हणून मी त्याला फोन लावला. त्याला डबा आठवत होता. डब्यात कागद होते म्हणून कागद फेकले आणि डबा कुणीतरी खिळे ठेवायला घेतला, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. परेरांनी चहा पूर्ण प्यायला. जाताना तेच मला म्हणाले, "इट्स ओके सर. यू सेंट द नोटिस." त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी नियम केला. लिलावाआधी दाऊदभाईंनी आणि मी पीबीओ खोकी उघडायची, कागद, फोटो आणि देवाधर्माच्या वस्तू बाजूला काढून ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवायच्या, आणि मालकाचा शोध घेत राहायचं. अरबाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कागदाला कोण पैसे देतो? ठेव." खरेदीदारांनीही कुरकुर केली नाही. दाऊदभाई तर असे काम करायचे की बघत राहावं. एका खोलीत शिसवी देव्हारा निघाला, तो त्यांनी ट्रॉलीवर ठेवू दिला नाही. दोन्ही हातांत धरून ऑफिसात आणला. "देव कुणाचा का असेना साहेब, चाकावर नको," एवढंच म्हणाले. नुसतं 'साहेब' म्हणाले, म्हणून मी वाद घातला नाही.

असं दीडेक वर्ष चाललं असेल. आणि मग आमच्याकडे टीव्हीवाले आले.

करीम नावाचा तिशीतला लेबनीज डायरेक्टर. पाटणकर वहिनींच्या कार्यक्रमाचाच स्थानिक अवतार काढायचा होता त्याला. आधी एक नमुन्याचा भाग शूट करायचा, तो चॅनेलला दाखवायचा, मग पुढचे. अरबाब इतके खूश झाले की त्यांनी कंपनीचा बोर्ड नवा रंगवून घेतला. करीमने खोल्या पाहिल्या, एकोणतीस नंबर पसंत केली आणि माझा नियम ऐकून कपाळाला हात लावला.

"हबीबी, तुम्ही आधीच खोकी उघडलीत तर सापडणार काय? खोलीला कुणीही हात लावलेला नको. प्रेक्षकांना खरेपणा हवा असतो."

मी अरबाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून बोर्डाकडे पाहत होते. शेवटी तडजोड झाली: शूटिंगआधी खोकी उघडायची नाहीत, पण लिलाव झाल्यावर, माल हलायच्या आत, कागद मी काढून घेणार. करीम म्हणाला, "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स." मी ते लिहून घ्यायला हवं होतं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी सातला दोन व्हॅन आल्या. करीमची माणसं "लायटिंग करतो" म्हणून एकोणतीसमध्ये शिरली आणि शटर अर्धं ओढून घेतलं. मग खरेदीदार उतरले. आमचे नव्हे, त्यांचे. उन्हात काउबॉयची हॅट घातलेला एक उंच माणूस आणि उंच टाचांच्या बुटांतल्या एक मॅडम. दोघंही नट. आमच्यापैकी फक्त गुलखानला ठेवला होता, कारण करीमला त्याची दाढी आवडली. लिलाव पुकारायचं काम दाऊदभाईंना दिलं.

पहिला शॉट असा होता की शटर वर जातं आणि गुलखान थक्क होतो. शटर वर गेलं. गुलखानने फ्रिज बघितला, वॉशिंग मशीन बघितलं, मान हलवली. करीम म्हणाला, तोंड उघड, 'वाव' म्हण.

"किस बात पर?" गुलखानने विचारलं.

चार वेळा शटर खालीवर झालं. चौथ्या वेळी गुलखानने तोंड उघडलं, पण ती जांभई होती. करीमने तीच वापरतो म्हणून सांगितलं. तेव्हा वहिनींसाठी सांगतो: शटर खरं, कुलूप खरं, गादीवरची धूळसुद्धा खरी. चेहऱ्यावरचं आश्चर्य चौथ्या टेकचं.

बोली सुरू झाली. ठरलेलं असं होतं की मॅडमनी तीन हजार दिरहॅमला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने बेचाळीस-पंचेचाळीस हजार रुपयांना खोली जिंकायची आणि मग बावीस नंबरच्या खोक्यातून खजिना काढायचा. हॅटवाला दोन हजार नऊशेला थांबला. मॅडमनी तीन हजार म्हणून केस मागे टाकले. आणि गुलखान शांतपणे म्हणाला, "इकतीस सौ."

 मॅडमनी करीमकडे पाहिलं. करीमने हाताने खुणा केल्या. गुलखानला त्या कळल्या नाहीत, का कळूनही त्याने दुर्लक्ष केलं, हे मला आजवर नक्की सांगता येत नाही. खोलीत दोन एसी होते आणि मशीन जवळजवळ नवं होतं, एवढं खरं.

दाऊदभाईंनी नियमाप्रमाणे तीन वेळा पुकारलं आणि हात खाली आणला. "खलास. गुलखान."

करीम ओरडणार तेवढ्यात त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, चालू द्या, दाढीवाल्यालाच खजिना सापडू दे. गुलखानने बावीस नंबरचा खोका उघडला. आतून पितळी पट्ट्यांची एक जुनी पेटी निघाली, तीत मखमलीवर चांदीचा खंजीर आणि मोती तोलायचा छोटा तराजू. करीमच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ही एका मोत्यांच्या व्यापाऱ्याची शंभर वर्षांपूर्वीची पेटी आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अबुधाबीच्या एका नाटकाच्या सामानवाल्याकडून ती भाड्याने आणली होती, हे मला नंतर कळलं.

पण मी पेटीकडे बघतच नव्हतो. मी खोक्याकडे बघत होतो. खोका आमचा होता, त्यावर आमचा नंबर होता आणि खाली कुणीतरी मार्करने 'पीबीओ' लिहिलं होतं. यादीतही बावीस नंबरपुढे पीबीओच होतं. म्हणजे त्यात आधी काहीतरी भरलेलं होतं. ही पेटी बसायची तर ते बाहेर काढावं लागलं असणार.

"कट" झाल्यावर मी करीमच्या असिस्टंटला विचारलं, "ह्या खोक्यातलं आधीचं सामान कुठे आहे?"

"काही नव्हतं सर. नुसते कागद. काळ्या पिशवीत भरून स्किपमध्ये टाकले."

स्किप म्हणजे आमच्या शेडमागे ठेवलेला कचऱ्याचा लोखंडी मोठा पेटारा. तो उचलायला गाडी येते, साखळ्या अडकवते आणि पेटाऱ्यासकट घेऊन जाते. मी घड्याळ बघितलं. गाडी यायची तीच वेळ होती, आणि मागून साखळीचा आवाज येत होता.

माझं वय तेव्हा चौपन्न. मी शाळेनंतर कधी पळालो नव्हतो. त्या दिवशी पळालो. पण दाऊदभाई माझ्या आधी पोहोचले. ड्रायव्हरने एका बाजूची साखळी लावली होती, दुसरी लावत होता. दाऊदभाई जाऊन सरळ त्या दुसऱ्या साखळीला धरून उभे राहिले.

"यल्ला, छोड़ो," ड्रायव्हर म्हणाला, "मेरे को और छह जगह जाना है."

"पाँच मिनट भाई," दाऊदभाई म्हणाले. "किसी का कागज है अंदर."

ड्रायव्हरने गाडी बंद केली नाही, पण साखळी सोडली. मी पेटाऱ्यात डोकावलो. आत चार दिवसांचा कचरा, टाइलच्या कारखान्याचे तुकडे आणि सगळ्यांत वर टीव्हीवाल्यांच्या नाश्त्याचा ढीग, पाव आणि हुमुस, म्हणजे तिकडची वाटलेल्या चण्यांची चटणी. काळ्या पिशव्या एक नव्हे, निदान वीस. मी आत चढायला पाय वर टाकला आणि तो काही पुरेना. तेवढ्यात मागून गुलखान आला. त्याने मला लहान मुलासारखं बाजूला केलं, सलवार वर खोचली आणि उडी मारली.

एकेक पिशवी तो वर फेकत होता आणि मी आणि दाऊदभाई फाडून बघत होतो. पाच मिनिटांची पंधरा झाली. आता ड्रायव्हरही खाली उतरून पिशव्या फाडू लागला होता. त्यालाच सापडली. शाळेच्या वह्या, वर्कबुकं, एक प्रगतिपुस्तक, आणि सगळ्यांत तळाला काळ्या कव्हरची जाड फाइल. उघडली. नर्सिंगचं मूळ प्रमाणपत्र, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पाठीमागे एम्बसी आणि मंत्रालयांचे शिक्के. आणि शारजाच्या एका छोट्या हॉस्पिटलची पाच वर्षांच्या अनुभवाची पत्रं. नाव: शैला वाघमारे.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गल्फमध्ये नोकरी माणसाला मिळत नाही, कागदाला मिळते. प्रमाणपत्राची दुसरी प्रत एकवेळ खेटे घालून काढता येईल. पण ते शारजाचं हॉस्पिटल मंदीत बंद पडलं होतं. अनुभवाचं पत्र पुन्हा द्यायला तिथे आता कुणी नव्हतं.

आम्ही फाइल घेऊन पुढे आलो तेव्हा कॅमेरेवाले डबे बांधत होते. काय झालं ते ऐकून करीमचे डोळे चमकले. "हे एकदा परत करता येईल का? फक्त उडी. मी कॅमेरा लावतो."

"नहीं," गुलखान म्हणाला.

मग दुसरं भांडण उभं राहिलं. करीमला त्याची पितळी पेटी परत हवी होती. गुलखानने ती पिकअपमध्ये पुढच्या सीटवर ठेवली होती. "तुम बोला ना कैमरे में, जो अंदर है सब लेने वाले का? मैंने लिया," त्याने मुद्दा मांडला, आणि मुद्दा बिनतोड होता. करीमने मला हाताला धरून बाजूला नेलं, पेटीचं भाडं सांगितलं, स्वतःच्या बायकोमुलांची आठवण काढली. मी गुलखानला म्हटलं, दे ना बाबा. तो थोडा विचार करून म्हणाला, "इस ने मेरा माल कचरे में डाला. अब मेरा माल गाड़ी में डाले."

म्हणून त्या दुपारी करीमच्या टीमने एकोणतीस नंबरची अख्खी खोली पिकअपमध्ये चढवली. हॅटवाल्याने हॅट काढून फ्रिजची एक बाजू धरली. मॅडमनी टाचांचे बूट काढून ठेवले आणि अनवाणी उशा वाहिल्या, त्यांना त्या दिवसातला तेवढाच भाग आवडलेला दिसला. दाऊदभाई सूचना देत होते, "पहले कपाट आड़ा करो, आड़ा." शेवटी गुलखानने पेटी परत दिली आणि करीमला मिठी मारून निघून गेला.

आता वाघमारेबाईंना शोधायचं होतं. करारावरचे दोन्ही फोन बंद आणि भारतातल्या पत्त्यावरून आमच्या नोटिसा परत आलेल्या. पण प्रगतिपुस्तक होतं: ऋचा वाघमारे, इयत्ता दुसरी, अजमानची एक भारतीय शाळा. माझी बायको सुनीता शारजाच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळाशाळांच्या शिक्षिका एकमेकींना पेपर तपासायच्या निमित्ताने ओळखतात. तिने प्रगतिपुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही नोटिसा कसल्या पाठवता? मूल गेलं म्हणजे दाखला गेला, आणि दाखला गेला म्हणजे कुठल्यातरी शाळेत पोचला." चार दिवसांत तिने अजमानहून मिरजेच्या शाळेचं नाव काढलं. मिरजेच्या क्लार्कने नंबर द्यायला नकार दिला, पण सुनीताचा नंबर बाईंना पोचवतो म्हणाला, आणि त्याने तो पोचवला.

शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या सकाळी, फोन आला. सुनीताने तो माझ्या हातात दिला.

"मी शैला वाघमारे. तुमच्याकडे माझं काही सापडलंय म्हणे?"

"काळ्या कव्हरची एक फाइल आहे, ताई. नर्सिंगचे कागद."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"त्यात शारजाची पत्रं आहेत?"

"आहेत. पाची वर्षांची."

"कुठे होती ती फाइल?"

"बावीस नंबरच्या खोक्यात. मुलीच्या वह्या-पुस्तकांच्या खाली."

 बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तो खोका मी भरला होता."

 त्या पुढे म्हणाल्या, "तीन वर्षं मी ह्यांना बोल लावतेय, भाऊ. तुम्ही हरवलीत, तुम्ही हरवलीत म्हणून. कागद नाहीत म्हणून इथे दवाखान्यात ड्रेसिंग करते. एकदा तर ह्यांच्या आईंसमोर बोलले." आणि मग फोन तोंडापासून लांब धरून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा इकडे या." त्यापुढचं मी ऐकलं नाही. ऐकणं बरोबर नव्हतं, म्हणून फोन सुनीताला दिला. सुनीता नंतर म्हणाली की नवरा बराच वेळ हसत होता.

फाइल पाठवायची कशी? मी कार्गो कंपनीचा माणूस, त्यामुळे कुरिअरवर माझा काडीचा विश्वास नाही. दाऊदभाई रजेवर घरी निघाले होते. त्यांनी ती कपड्यांत न ठेवता छातीशी धरून विमानात नेली, दापोलीला दोन दिवस राहून एसटीने मिरजेला गेले आणि बाईंच्या हातात दिली. परत येताना दोन किलो बेदाणे आणले. एक किलो माझे, एक किलो अरबाबांचे. अरबाबांना तेव्हा काहीतरी गोड हवंच होतं, कारण करीमचा कार्यक्रम चॅनेलने घेतला नाही. खरेदीदाराची जांभई त्यांना पटली नाही म्हणे. नवा बोर्ड मात्र छान दिसायचा.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी शैलाताई आमच्या घरी जेवायला आल्या. अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात त्यांना नोकरी लागली होती आणि व्हिसाचं काम संपवून त्या नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आल्या होत्या. दाऊदभाईंनाही बोलावलं होतं. ऋचा आता सहावीत. आपण मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, अशी. सुनीताने तिला सगळी हकीकत सांगितली, पठाणाच्या उडीसकट.

"वॉज इट ऑन टीव्ही?" तिने विचारलं.

"नाही गं. तेव्हा कॅमेरे बंद होते."

ती जरा हिरमुसली. "देन हू विल बिलीव्ह इट?"

शैलाताई हसल्या आणि पर्समधून एक प्लॅस्टिकचा फोल्डर काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यात मूळ प्रमाणपत्र होतं. विद्यापीठाच्या शिक्क्याच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा पिवळट तेलकट डाग.

"इंटरव्ह्यूला तिथल्या मॅनेजरने विचारलं, हे काय आहे," त्या म्हणाल्या. "मी वास घेतला आणि सांगितलं, हुमुस आहे, टीव्हीवाल्यांच्या नाश्त्याचं. मग त्याने सगळं ऐकून घेतलं, बाजूच्या केबिनमधल्या दोघांना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं."

"मग?" दाऊदभाईंनी विचारलं.

"मग काय, सोमवारपासून या म्हणाला."